अंदाजरावाचा मीटर

गेल्या वर्षी आमच्या इमारतीच्या जिन्यात बातमी फिरत होती, की तळमजल्यावरचा फोटोवाला आंधळा झाला. पहिल्या मजल्यावर त्याचा एक डोळा गेला होता, तिसऱ्यावर पोचेपर्यंत दोन्ही गेले, आणि गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या मंडळींच्या कानावर गेली तेव्हा तर कॅमेरा विकून तो सासुरवाडीला राहायला निघालाही होता. बातमी कुणी सोडली हे मला विचारू नका. माझं धुलाई-इस्त्रीचं दुकान त्याच्या स्टुडिओला लागून आहे. मधे एक पातळ भिंत आहे आणि तिला माझ्या बाजूने कान आहेत, एवढंच मी कबूल करतो.

खरी गोष्ट उलटी होती. त्याला दिसेनासं झालेलं नव्हतं, जास्त दिसायला लागलं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यात नवं भिंग बसलं, पट्टी निघाली, आणि गडी घरात पाऊल टाकताच बायकोला म्हणाला, "अगं, आपल्या भिंती पिवळ्या होत्या ना?" भिंती लग्नापासून पांढऱ्याच होत्या. मग तो माझ्या दुकानात आला, टांगलेल्या शर्टांकडे टक लावून बघत राहिला आणि म्हणाला, "इतकं पांढरं कधीपासून धुवायला लागलास?" सत्तावीस वर्षं मी हेच धुतोय. पण स्तुती ती स्तुती, मी ठेवून घेतली.

दुसऱ्या कुणाला जास्त दिसायला लागलं असतं तर घरात आनंदीआनंद झाला असता. याचं मात्र दुकान बसायची वेळ आली.

त्याचं असं आहे. ओळखपत्राचे फोटो तो साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर उडवतो आणि त्यांना फोटो म्हणत नाही. फोटो म्हणजे वडिलांच्या वेळचा तो तीन पायांचा लाकडी कॅमेरा, त्यात घालायची वहीच्या पानाएवढी फिल्म, आणि समोर स्टुलावर बसलेला माणूस. त्या कॅमेऱ्याला किती उजेड किती वेळ आत घ्यायचा हे माणसाने सांगावं लागतं. जास्त घेतला तर चेहऱ्याचं पीठ होतं, कमी घेतला तर कोळसा. हा मोजमाप करत नसे. समोरच्याकडे बघायचा, डोळे किलकिले करायचा, नाकातून एक सूर काढायचा आणि म्हणायचा, "दीड सेकंद." संपलं. त्याचे वडीलही तसेच. ते म्हणत, मीटर टॅक्सीला असतो, फोटोवाल्याला डोळे असतात. सगळा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे, म्हणून मी त्याचं नाव ठेवलं अंदाजराव. नाव चिडवायला ठेवलं होतं, पण इतक्या वर्षांत त्याचा अंदाज चुकेना, म्हणून ती पदवीच झाली.

आणि आता नवा डोळा त्याला खोलीत चांदणं-ऊन एकदम दाखवायला लागला. त्याला वाटायचं, उजेड रग्गड आहे, अर्ध्या सेकंदात भागेल. फिल्म मात्र जुन्याच डोळ्याची होती. साखरपुडा झालेलं एक जोडपं आलं, फोटोत असं दिसलं जणू कोळशाच्या खाणीत भेटलं. एका वकिलाचा काळा कोट आणि काळं डोकं इतकं एक झालं, की मधे नुसता कागद हातात धरलेला दिसत होता.

"पुन्हा काढून देतो," अंदाजराव म्हणाला.

"नको, राहू दे," वकील म्हणाले. "अशिलांना हेच बरं, ओळखणार तरी नाहीत."

अशा वेळी मेट्रनबाई आल्या. मेट्रनबाई म्हणजे कोपऱ्यावरच्या रुग्णालयातल्या सगळ्या परिचारिकांच्या मुख्य. छत्तीस वर्षं नोकरी, आवाज असा की ऐकून ताप उतरावा. त्या निवृत्त होत होत्या. रुग्णालयाच्या दालनात भिंतीवर आजवरच्या मोठ्या डॉक्टरांचे फोटो टांगलेले आहेत, सगळे अंदाजरावाच्या नाहीतर त्याच्या वडिलांच्या हातचे. परिचारिकांनी हट्ट धरला की या वेळी त्या भिंतीवर आमच्या बाई लागल्या पाहिजेत. पुढच्या गुरुवारी दहा वाजता फोटो, आणि शुक्रवारी सकाळच्या गाडीने बाई कायमच्या बहिणीच्या गावाला.

बाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या सांगून टाकलं. "हे बघा दादा, नोकरीतल्या प्रत्येक ग्रुप फोटोत मी आहे. मला टोपीवरून ओळखायचं. वर पांढरी टोपी, खाली पांढरा कोट, मधे अंधार. मी काळी आहे त्याचं मला काही नाही. पण नाक-डोळे आहेत हो मला. भिंतीवर टोपी लावायची असेल तर खिळ्याला नुसती टोपीच अडकवा, मला कशाला बसवता?"

अंदाजराव म्हणाला, "चेहरा येईल." त्या गेल्यावर तो तासभर स्टुलाकडे बघत बसला. कारण त्या मोठ्या कॅमेऱ्याच्या फिल्मच्या दोनच शीट शिल्लक होत्या, नव्या यायला महिना. चार-पाच वेगवेगळ्या अंदाजांनी काढून त्यातला बरा निवडावा, ही चैन नव्हती.

वहिनी, म्हणजे त्याची बायको, शेवटी बोलल्या. "उजेड मोजायचा मीटर घ्या."

"वडील काय म्हणायचे माहीत आहे ना?"

"ते गेले तेव्हा त्यांचे दोन्ही डोळे स्वतःचे होते. घ्या मीटर. फार महागातला नको."

पहिला प्रयोग फुकटातला. माझ्या मुलीने तिच्या फोनमध्ये उजेड मोजायची सोय उतरवून दिली. फोन समोरच्यावर रोखायचा, तो आकडा सांगतो. वहिनी काळा स्वेटर घालून स्टुलावर बसल्या. फोन म्हणाला, दोन सेकंद. मग मी बसलो, पांढरा शर्ट, आणि वरती माझं जे काही आहे ते. गेली बारा वर्षं माझ्या डोक्यावर कंगव्याला काम नाही. फोन म्हणाला, पाव सेकंद.

"बघ," अंदाजराव म्हणाला, "तुझ्या टकलाने यंत्राचे डोळे दिपले."

वहिनी मात्र विचार करत होत्या. "खिडकी तीच, वेळ तीच, स्टूल तेच. उजेड काय भावजींवर जास्त प्रेम करतो? हे यंत्र उजेड मोजत नाही, आपले कपडे मोजतंय. बाईंचा पांढरा कोट बघून म्हणेल भरपूर आहे, आणि चेहरा परत अंधारात."

इस्त्रीवाला म्हणून सांगतो, कपड्यांवरून माणूस मोजणारं ते पहिलं यंत्र नव्हे. पण वहिनींचं बरोबर होतं.

मग आम्ही तिघं जुन्या वस्तूंच्या बाजारात गेलो. कॅमेऱ्यांच्या दुकानाचा मालक मिशीवाला होता. मिशी इतकी भरघोस की तो हसतोय की नाही हे भाव करताना कळत नसे. त्याने आधी एक कोराकरकरीत मीटर काढला. किंमत ऐकून अंदाजराव म्हणाला, "माझं डोळ्याचं ऑपरेशन याच्या निम्म्यात झालं."

"मग दुसराही डोळा करून घ्या," मिशीवाला म्हणाला, "दोन्ही मिळून याच्याएवढंच होईल."

दुसरा फार देखणा होता. चामड्याची पिशवी, काचेखाली बारीक सुई, बॅटरी लागत नाही. अंदाजराव त्याच्यावर भाळलाच. दाराशी उन्हात नेला तर सुई अर्ध्यापर्यंत गेली आणि जेवण झालेल्या कारकुनासारखी बसून राहिली. आत आणला तरी तिथेच.

"वयाचा मान राखायला पाहिजे," मिशीवाला म्हणाला.

"घरी एक वयस्कर आहे," वहिनी म्हणाल्या, "त्याचाच मान राखून होत नाही."

तिसरा दिसायला भिकार होता. कोपरे घासलेले, बॅटरीचं झाकण रबरबँडने धरलेलं, आणि डोक्यावर अर्ध्या पिंगपाँगच्या चेंडूसारखा पांढरा घुमट. तो कुणावर रोखायचा नसतो. त्या घुमटावर जेवढा उजेड पडतो तेवढा तो सांगतो. समोर काळा स्वेटर असो की माझं डोकं, त्याला घेणं-देणं नाही. वहिनींचे डोळे चमकले. पण जुना माल, खरं बोलतो की नाही हे कळावं कसं?

इथे अंदाजरावाची अक्कल कामाला आली, हे मला मान्य करावं लागेल. त्याने तो महागातला नवा मीटर मिशीवाल्याकडून पाच मिनिटं मागून घेतला आणि दोन्ही शेजारी-शेजारी धरून हिंडला. आधी रस्त्यावर उन्हात, मग गल्ल्यापाशी, मग मागच्या अंधाऱ्या जिन्याखाली. तिन्ही ठिकाणी जुना मीटर आकड्यांच्या तबकडीवर नव्यापेक्षा बरोबर एक घर जास्त दाखवत होता.

"म्हणजे बिघडलेलाच आहे की," मी म्हटलं.

"चुकला तर चालेल," अंदाजराव म्हणाला. "पण रोज तीच चूक करायला पाहिजे. मग ती वजा करता येते. आज एक, उद्या दुसरी, असं नको."

वहिनी म्हणाल्या, "नवरा बघताना मीही तेच बघितलं होतं."

त्या वेळी मिशी हलली. हसला असावा, कारण त्याने रबरबँड नवा घालून दिला. अंदाजरावाने घरी येऊन मीटरच्या पाठीवर पट्टी चिकटवली आणि तिच्यावर लिहिलं, 'एक घर वजा.'

आता त्याच्या स्टुडिओची रचना सांगायला हवी, नाहीतर पुढची फजिती कळणार नाही. फरशीवर एक पिवळी पट्टी रंगवलेली आहे, वडिलांनी ओढलेली. पट्टीच्या अलीकडे मोठी खिडकी, कॅमेरा आणि फोटोवाला. पलीकडे सात-आठ पावलांवर, आतल्या बाजूला, स्टूल. फोटोवाल्याने पट्टी ओलांडायची नाही हा घराण्याचा नियम. जवळ गेलं की माणूस आक्रसतो, असं वडील म्हणत. कुणाची कॉलर नीट करायची, हनुवटी वर करायची तर आधी त्याची आई जाई, आता वहिनी जातात. अंदाजरावाला हा नियम फार सोयीचा, कारण तो मुलखाचा लाजाळू. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही तो वहिनींपासून एक पट्टी लांब उभा आहे.

बुधवारी सकाळी त्याने चाचणी घेतली. वहिनींना स्टुलावर बसवलं, पट्टीच्या अलीकडे आपल्या जागेवर उभा राहिला, घुमट खिडकीकडे केला आणि एक घर वजा करून आकडा वाचला. अर्धा सेकंद. त्याचा चेहरा फुलला.

"माझा डोळाही अर्धाच म्हणत होता. बघितलंस? यंत्र माझ्या बाजूने आहे."

त्याच्याकडे रोलचा एक छोटा जुना कॅमेराही होता, त्यातल्या उरल्यासुरल्या रोलवर त्याने वहिनींचे चार फोटो काढले आणि दुपारी धुतले. चारही काळेकुट्ट. एकात तर वहिनींपेक्षा स्टूल बरं आलं होतं.

"माझ्याहून स्टुलाचीच हौस जास्त दिसते," वहिनी म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. अंदाजराव मीटर हातात घेऊन बसला होता. मी काहीतरी मस्करी करणार होतो, पण त्याने वर बघितलं आणि नुसतं म्हणाला, "उद्या त्यांना काय सांगू रे?" मी परत इस्त्रीला गेलो. संध्याकाळपर्यंत मीटरही आंधळा झाल्याची बातमी जिन्यात पोचली होती, ती कुणी नेली हे विचारू नका.

गुरुवारी दहाला बाई हजर. टोपी आणि कोट मीच इस्त्री केले होते, कोपरे असे की बोट कापावं. मला स्टुडिओत यायला कारण मिळालं, कारण सावलीच्या बाजूला उजेड परतवायला एक पांढरी चादर धरून कुणीतरी उभं राहायला हवं होतं. चादर माझी, म्हणून मानकरीही मीच.

बाई स्टुलावर बसल्या. अंदाजराव पट्टीच्या अलीकडे उभा राहिला आणि घुमट खिडकीकडे करून आकडा वाचायला लागला. बाईंनी थोडा वेळ बघितलं.

"दादा, ते काय करताय?"

"उजेड मोजतोय."

"कुणाचा?"

"तुमचा."

"मी इथे बसलेय," बाई म्हणाल्या. "ताप मला आणि थर्मामीटर तुमच्या काखेत?"

वहिनींनी सरळ कपाळावर हात मारून घेतला. तीस वर्षं जो माणूस खिडकीपाशी उभा राहून आठ पावलं लांबचा चेहरा वाचत होता, त्याने मीटरही खिडकीपाशीच धरला होता. तिथे उजेड रग्गडच होता. तो पट्टीच्या पलीकडे पोचेपर्यंत किती उरतो, हे मीटरला कळायचं तर मीटरने पलीकडे जायला हवं. आणि पलीकडे जायची घराण्यात पद्धत नव्हती.

तो पट्टीकडे बघत उभा राहिला. बाईंनी हात पुढे केला. "द्या इकडे. छत्तीस वर्षं हेच केलंय मी." वहिनींनी मीटर नेऊन दिला, घुमट कॅमेऱ्याकडे कसा करायचा ते सांगितलं, आणि बाईंनी तो हनुवटीखाली असा धरला, जणू वॉर्डातली सकाळची फेरी सुरू आहे. मग आकडा मोठ्याने वाचला. एक घर वजा करून उत्तर आलं, दोन सेकंद. अर्ध्याच्या चौपट.

"फार होतंय," अंदाजराव पुटपुटला. "मला तर खोली उजेडाने भरलेली दिसतेय."

"पेशंटला काय वाटतं ते आम्ही लिहून घेतो," बाई म्हणाल्या, "औषध मात्र थर्मामीटर बघून देतो."

पहिली शीट कॅमेऱ्यात गेली. अंदाजरावाने लेन्सचं झाकण काढलं आणि मोजायला लागला, "एक..."

आता पुढचं मी स्वतःच सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून यायला नको. बाई फार करारी बघत होत्या. चादर धरून माझे हात अवघडले होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, असं बघू नका, मला इंजेक्शनची आठवण येते." बाई जोरात हसल्या. दोन सेकंदांत त्या डावीकडे गेल्या, उजवीकडे गेल्या आणि पुन्हा मधे आल्या. त्या शीटवर पुढे तीन नाकं आली, तिन्ही सुरेख.

अंदाजरावाने झाकण लावलं, शीट काढून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "एक राहिली."

वहिनींनी माझ्या हातातली चादर घेतली, कपडे वाळत घालायच्या घोडीवर पसरली आणि शांतपणे म्हणाल्या, "भावजी, तुमच्या दुकानात काहीतरी जळतंय."

काही जळत नव्हतं. मी बाहेर जाऊन दाराच्या पडद्याला डोळा लावला.

तेवढ्यात बाहेर ढग आला होता. पुन्हा मोजणं आलं. बाईंनी हात पुढे केला, वहिनी मीटर घ्यायला वळल्या, आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं की अंदाजरावाने पिवळी पट्टी ओलांडली. आधी उजवा पाय, मग जरा थांबून डावा. बाईंच्या समोर जाऊन त्याने मीटर हनुवटीखाली धरला. अंग मात्र मागे झुकलेलं होतं.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या, "आज मी टोचत नाही."

आकडा आला, तीन सेकंद. तो मागे आला, दुसरी शीट घातली, झाकणावर हात ठेवला. आणि थांबला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जरा हसा, जरा इकडे बघा. हा काहीच म्हणाला नाही. बाई आधी ताठ बसल्या, मग थोड्या कंटाळल्या, मग त्यांचं जे हसू अजून कुठेतरी उरलं होतं तेही निवत आलं. खांदे उतरले. छत्तीस वर्षं कुणी ना कुणी हाक मारेल म्हणून सावध असलेला चेहरा, आता कुणी हाक मारणार नाही हे पहिल्यांदाच कळल्यासारखा झाला. तेव्हा झाकण निघालं. एक, दोन, तीन. पुन्हा लागलं.

दुपारी चारला बाई बघायला आल्या. कागद अजून ओलसर होता. टोपी होती, कोट होता, आणि मधे कपाळ होतं, डोळ्यांखालच्या बारीक रेषा होत्या, ओठांच्या कोपऱ्यात सकाळच्या हसण्याचा थेंबभर उरलेला भाग होता. रंग काळा तो काळाच होता, पण त्यात सगळं दिसत होतं. बाईंनी बराच वेळ बोट नाकाच्या वर, कागदाला न लावता, धरलं.

"नाक आईचं आहे माझं," त्या म्हणाल्या. "आज कळलं."

मग बोट टोपीवर नेऊन म्हणाल्या, "टोपीचा डावा कोपरा दुमडलाय. इस्त्री कुणी केली?" मी दुकानात खरोखरच काहीतरी जळतंय का बघायला गेलो.

शुक्रवारी बाई गेल्या. फोटो दालनात लागला, डॉक्टरांच्या रांगेत सर्वांत शेवटी, पण सर्वांत ठळक. आता जिन्यातली ताजी बातमी अशी, की तो फोटो अंदाजरावाने काढलाच नाही. मला बातमी खोटी वाटेना. म्हणून रविवारी मी त्याच्या स्टुडिओत जाऊन त्याला तोंडावर हिशेब ऐकवला. मीटर घ्यायची अक्कल वहिनींची. मीटर कुठे धरायचा ती अक्कल बाईंची. सेकंद सांगितले मीटरने. चादर माझी. टोपीची इस्त्री माझी, कोपरा सोडून. "मग या सगळ्यात," मी विचारलं, "तू नेमकं काय केलंस?"

तो मीटरचा घुमट पुसत होता, माझ्याच दुकानातून नेलेल्या रुमालाने. वर न बघता म्हणाला,

"मी गप्प बसलो. तुला तेवढंही जमलं नाही."